गळ्यातून जाणारी वाट

मणक्यांचे हे डॉक्टर ऑपरेशन करताना गोष्टी सांगायचे. ही सवय इतकी जुनी होती की थिएटरमध्ये नवीन लागलेल्या सिस्टरला पहिल्याच दिवशी कुणीतरी बजावायचं, "हात नीट धू, हत्यारं क्रमानं लाव, आणि हसू आलं तर मास्कच्या आत हस." ओपीडीत माणूस बेताचा बोलायचा. पण हातात चाकू आला आणि दिव्याचा झोत जखमेवर पडला की जिभेला पाय फुटायचे. लोक म्हणायचे, यांचा हात जेवढा स्थिर तेवढी जीभ सैल. त्यात खोटं काही नव्हतं. अठरा वर्षांत हजाराच्या वर मानांना आणि पाठींना त्यांचा हात लागला होता, आणि त्यांतली बहुतेक माणसं आपल्या पायांनी चालत घरी गेली होती.

त्यांच्याकडे एका मंगळवारी एक बाई आली. बरोबर सासू. वय सेहेचाळीस, नोकरी बस डेपोत. एकवीस वर्षं ती तिथे माइकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुठली उशिरा येणार, कुणाचं पोर चौकशी खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं सांगत होती. डॉक्टरांच्या खोलीत शिरताना तिने "येऊ का?" एवढंच विचारलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या चार पेशंटांनी माना वर केल्या. आवाज तसा मोठा नव्हता, पण प्रत्येक अक्षर धुऊन वाळवून घडी घालून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं.

"माझ्या कानांनी दहा वर्षांपूर्वी राजीनामा दिलाय," सासूने बसल्या बसल्या सांगून टाकलं. "मुलीचं ऐकू येत नाही, शेजारणीचं येत नाही. हिचं तेवढं येतं. म्हणून बोलायचं ते हिच्याशी बोला, ही मला सांगेल."

सासूचा मुलगा, म्हणजे बाईचा नवरा, वारून आठ वर्षं झाली होती. मागे या दोघी उरल्या, आणि एकमेकींना धरून राहिल्या होत्या. सासू-सुनेचं पटत नाही म्हणणाऱ्यांना त्यांच्या जिन्यावरचे शेजारी या दोघींचं उदाहरण द्यायचे.

बाईचं दुखणं असं होतं, की बोटं ऐकेनाशी झाली होती. गाउनचं बटण लावायला पाच मिनिटं लागायची. पेन हातातून गळायचं. चालताना गादीवरून चालल्यासारखं वाटायचं आणि तोल जायचा. डॉक्टरांनी फोटो काचेवर लावला. मानेतल्या दोन चकत्या मागे सरकल्या होत्या, त्यांच्या कडेला हाडाची टोकं वाढली होती, आणि मधला मज्जारज्जू दोन्हींच्या कचाट्यात सापडला होता.

"हे असंच राहू दिलं तर हात जातील, मग पाय जातील," डॉक्टर म्हणाले. "मोकळं करायला हवं. तिथपर्यंत जायला दोन वाटा आहेत. एक मागून. मानेचे स्नायू बाजूला करायचे आणि मणक्यांच्या कमानी उघडून मज्जारज्जूला मागे सरकायला जागा करून द्यायची. त्यात मान पुष्कळ दिवस दुखते. दुसरी पुढून. गळ्यावरच्या वळीत दोन बोटांएवढा छेद घ्यायचा, श्वासनलिका आणि अन्ननलिका एका अंगाला करायच्या, की समोर हाड. खराब चकती काढायची, तिथे आधार बसवायचा, पट्टी लावायची. तिसऱ्या दिवशी घरी. मी पुढून जातो."

"मी पुढून जातो" हे वाक्य ते नेहमी असंच म्हणायचे. एखाद्याने "मी डावखुरा आहे" म्हणावं तसं. समोरच्या खोलीत बसणारे त्यांच्याच वयाचे सर्जन अशा पेशंटला बरेचदा मागून हात घालायचे. दोन्ही वाटा पुस्तकात होत्या, दोन्हींनी माणसं बरी व्हायची. पण यांचा हात पुढच्या वाटेवर बसलेला होता.

बाईने विचारलं, "गळ्यातून जाणार म्हणजे... आवाजाला काही होईल का, डॉक्टर? माझं पोटच त्याच्यावर आहे."

"आठवडाभर बसेल जरासा. तेवढ्यात कुणाची बस चुकली तर माझ्याकडे पाठवा."

"कुणाची बस चुकली?" अर्धंमुर्धं ऐकून सासूने घाबरून विचारलं.

यावर सगळेच हसले. बाई हसली, डॉक्टर हसले, दारातली सिस्टरही हसली. त्या हसण्यात तो प्रश्न विरघळून गेला. संमतीपत्राच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत आवाजाबद्दल एक ओळ होती. बाईने न ऐकणाऱ्या बोटांनी खाली सही केली.

ऑपरेशन गुरुवारी सकाळी झालं. डॉक्टरांनी गळ्याच्या उजव्या बाजूने छेद घेतला. उजव्या हाताच्या माणसाला उजवीकडून सोपं जातं, यापलीकडे त्याला कारण नव्हतं. वाट सुरेख उघडली. जखमेचे ओठ दूर धरायला त्यांनी पोलादी आकडे लावले आणि गोष्ट सुरू केली.

त्या दिवशीची गोष्ट त्यांच्या सासऱ्यांच्या कवळीची होती. सासऱ्यांनी कवळी धुऊन अंगणात वाळत ठेवली होती आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याने ती पळवली होती.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना थिएटरमध्ये सगळे निद्रादेवी म्हणायचे, अर्थात त्यांच्या मागे. त्या पेशंटच्या डोक्याशी बसल्या होत्या. पेशंटच्या श्वासनलिकेत जी नळी असते तिच्या टोकाला एक छोटा फुगा असतो. हवा बाजूने निसटू नये म्हणून तो फुगवलेला असतो. गळ्यातून ऑपरेशन करताना आतून हा फुगा दाबतो आणि बाहेरून पोलादी आकडा दाबतो. त्या दोघांच्या मधून आवाजाची नस जाते, शिवायच्या दोऱ्याहून फारशी जाड नसलेली. म्हणून आकडे लावल्यावर फुगा क्षणभर सोडायचा आणि पुन्हा हलका भरायचा. नळी आपोआप आपली जागा शोधते आणि नसेवरचा दाब उतरतो. तेवढा वेळ सर्जनने हात थांबवायचा, बस. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. हे डॉक्टर ज्युनियरांना ते घोकून घ्यायला लावायचे.

"फुगा सोडून भरते," निद्रादेवी म्हणाल्या. "जरा थांबता?"

"थांबा हो मॅडम, कवळी अजून कुत्र्याच्याच तोंडात आहे!"

थिएटर हसलं. निद्रादेवीही हसल्या आणि त्यांनी हात मागे घेतला. गोष्टीत पुढे कुत्रा कवळी दाखवत गल्लीभर हिंडला, सासरे काठी घेऊन त्याच्या मागे धावले. मग दुसऱ्या चकतीपाशी हाडाचं टोक फारच चिवट निघालं, डॉक्टर गप्प झाले, ड्रिल चाललं, घाम पुसायला सिस्टर दोनदा पुढे आली. तासाभराचं काम पावणेतीन तास चाललं. फुग्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर वॉर्डात गेले तेव्हा बाई पलंगावर बसून गाउनची बटणं काढत होती आणि लावत होती. काढत होती आणि लावत होती. बोटं पोरीबाळींसारखी चपळ झाली होती. तिने डॉक्टरांकडे बघितलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने तोंड उघडलं.

नुसती हवा आली. फाटक्या भात्यातून यावी तशी.

"सूज असते," डॉक्टर लगेच म्हणाले. "घशाला विश्रांती द्या. पंधरा दिवस अजिबात ओरडायचं नाही."

जिना उतरताना अर्ध्यावर त्यांना ती कवळी आठवली. तिथेच कठडा धरून ते थोडा वेळ उभे राहिले. खालून येणाऱ्या वॉर्डबॉयने विचारलं, "साहेब, चक्कर आली का?" ते नाही म्हणाले.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. आवाज आला नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं: उजवी स्वरपट्टी जागची हलत नव्हती, आणि डावी एकटी तिच्याकडे धाव घेऊन अर्ध्या वाटेतून परत येत होती. "नस दुखावली आहे," ते म्हणाले. "थांबू. पुष्कळांचा परत येतो. तुमच्या ऑपरेशनची नोंद पाठवून द्या मला."

डॉक्टरांनी ओपीडीतल्या संगणकावर नोंद उघडली. हॉस्पिटलात अशा नोंदींचा एक साचा होता. ठरलेला मजकूर आधीच लिहिलेला, पेशंटप्रमाणे चार-दोन गोष्टी बदलायच्या आणि सही करायची. हा साचा दहा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच तयार केला होता, ज्युनियरांना वळण लागावं म्हणून. पाचव्या ओळीत लिहिलं होतं: आकडे लावल्यानंतर नळीचा फुगा सोडून पुन्हा भरला.

खाली त्यांची सही होती.

त्यांनी ती ओळ तीनदा वाचली. दुरुस्ती करायला दोन मिनिटं पुरली असती. बाहेर सिस्टरने पुढच्या पेशंटला हाक मारली, आणि डॉक्टरांनी नोंद होती तशी पाठवून दिली. मनाशी म्हणाले, उद्या बघू. उद्या उजाडला आणि तोही तसाच गेला.

आठवड्याभराने कपडे बदलायच्या खोलीबाहेर निद्रादेवींनी त्यांना गाठलं.

"त्या डेपोतल्या बाईंचं काय झालं?"

"थांबलोय. येईल."

"मी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी हसले हो. मला ते हसणं जाता जात नाही."

"तुमचा काय दोष त्यात?"

"मग कुणाचा?" त्यांनी सरळ विचारलं. डॉक्टरांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या, पायात घातल्या आणि आत गेले. त्या दिवसापासून थिएटरमधल्या गोष्टी बंद झाल्या. सिस्टरांना वाटलं साहेबांची तब्येत बरी नाही. घरी बायको म्हणाली, "तुम्ही हल्ली जेवताना ताटाशी बोलता, माझ्याशी नाही."

नस दुखावणं ही माहीत असलेली गुंतागुंत आहे, हे ते स्वतःला समजावत. चांगल्यातल्या चांगल्या हातूनही घडते. फुगा सोडला असता तरी कदाचित झालंच असतं. हे सगळं खरं होतं. पण खऱ्याची एवढी मोठी रास रचूनही तिच्या तळाशी ते अर्धं मिनिट तसंच पडून होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे बाई त्यांचे आभार मानायची. दर महिन्याला तपासणीला यायची. बोलता येत नाही म्हणून कागदावर लिहून आणायची, आणि अक्षर असं सुरेख की छापल्यासारखं. आता सुईत दोरा ओवता येतो. परवा जिना न धरता चढले. तुमचे उपकार कसे फेडू. सासू शेजारी बसून तिला दंडाला धरून हलवायची, "अगं, मोठ्यानं बोल की! मला काही कळत नाही!" आणि मग स्वतःच जीभ चावून गप्प व्हायची.

चौथ्या महिन्यात बाईने सासूला बाहेर बसवलं आणि एकटी आत आली. खुर्ची पुढे ओढून, डॉक्टरांच्या अगदी जवळ येऊन कुजबुजली, "एक विचारायचं होतं. घरी गेल्यावर चौथ्या दिवशी मी ओरडले होते. जोरात. तुम्ही नको म्हणाला होता तरी. त्यानं झालं असेल का हे?"

डॉक्टरांच्या छातीवरून काहीतरी जड उतरल्यासारखं झालं, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना त्या उतरण्याची शिसारी आली.

"तसं नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले.

बाईने मान डोलावली. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि निघून गेली.

सातव्या महिन्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी विजेच्या तारा लावून नसेची तपासणी केली आणि फोन केला. "काहीच हालचाल नाही. आता आपोआप येण्याची आशा मी तरी धरणार नाही. स्वरपट्टी आतल्या बाजूला सरकवायचं ऑपरेशन करता येईल. बोलता येईल, पण तो आवाज परत नाही यायचा. तुम्ही सांगताय त्यांना, की मी सांगू?"

"मी सांगतो," डॉक्टर म्हणाले.

फोन ठेवून ते निद्रादेवींकडे गेले. म्हणाले, "मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगणार आहे. तुमचं नाव येईल. तुम्ही आठवण केली होती, म्हणून येईल."

"मी येते बरोबर."

"नको. तुम्ही विचारलं होतंत. मी नाही म्हणालो होतो."

रविवारी दुपारी ते गेले. घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती. जिन्याच्या शेवटच्या टप्प्यावर एक शेजारीण दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने न विचारताच दार दाखवलं. दार उघडंच होतं. आत एक पलंग, एक टेबल, भिंतीला लावलेल्या दोन खुर्च्या. कोपऱ्यात एक जुनी सुटकेस, भरून पट्टे आवळलेली.

सासूने त्यांना पाहिलं आणि तिची धांदल उडाली. "अगंबाई, डॉक्टर! अगं, बघ कोण आलंय! बसा, बसा. पंखा लाव गं."

बाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने खुर्ची पुढे केली. डॉक्टर बसले नाहीत. येताना गाडीत त्यांनी वाक्यं जुळवली होती, हळू, समजुतीच्या आवाजात म्हणायची. ती सगळी जिन्यातच कुठेतरी सांडली.

"तपासणीचा निकाल आलाय," ते हलक्या आवाजात म्हणाले. "नस सुधारत नाही. पण मी त्यासाठीच आलो नाही. ऑपरेशनच्या वेळी एक गोष्ट करायची राहिली. भूल देणाऱ्या मॅडमनी मला आठवण केली होती. मी थांबलो नाही."

बाई जागच्या जागी उभी राहिली.

"काय म्हणतात गं?" सासूने दहा वर्षांच्या सवयीने सुनेकडे तोंड वळवलं. सुनेने बोलायला ओठ उघडले, मिटले, आणि बोट डॉक्टरांकडे केलं. त्यांनाच सांगू दे.

"एक गोष्ट राहिली होती, आजी!" डॉक्टर थोड्या मोठ्याने म्हणाले.

"काय राहिली? आत? कात्री राहिली की काय हिच्या गळ्यात?"

"नाही! कात्री नाही!" त्यांना आता ओरडावंच लागलं. "चूक राहिली! माझी चूक! यांचा आवाज माझ्या चुकीनं गेला!"

बाहेर कपडे झटकण्याचा आवाज थांबला.

म्हातारीने हे ऐकलं. ऐकलं हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. डॉक्टरांनी मग सगळं सांगितलं, नळी, फुगा, आकडा, नस, सगळं ओरडून, एकेक शब्द सुटा करून. माणूस ज्या गोष्टी उशीत तोंड खुपसूनही पुटपुटत नाही त्या गोष्टी जिनाभर ऐकू जातील अशा सांगितल्या. नोंदीतली खोटी ओळही सांगितली.

बाई जवळ आली. तिच्या कुजबुजीला धार होती. "अर्ध्या मिनिटाचं काम होतं म्हणता. मग थांबला का नाहीत?"

इथे काहीतरी सांगता आलं असतं. घाई होती, हाड कठीण होतं, दुसरा पेशंट उपाशी ताटकळला होता.

"मी गोष्ट सांगत होतो," डॉक्टर म्हणाले.

"कसली गोष्ट?"

"गमतीची."

"काय? काय म्हणाले?" सासूने विचारलं.

"गोष्ट सांगत होतो, आजी! हसायची गोष्ट! सगळे हसत होते म्हणून थांबलो नाही!"

हे वाक्य त्यांच्याच कानांवर आदळलं. एवढे दिवस ते मनात शंभरदा म्हणून झालं होतं, पण मनात त्याला इतका ओंगळ आवाज नव्हता.

मग म्हातारी पलंगाची कड धरून उठली आणि सुनेपाशी गेली.

"म्हणजे माझ्यामुळे नाही?" तिने विचारलं. "टॉवेलामुळे नाही?"

डॉक्टरांना कळेना. म्हातारीनेच सांगितलं. सून घरी आल्यावर चौथ्या दिवशी म्हातारी स्वतः शेगडीपाशी उभी होती. खांद्यावरच्या टॉवेलाचं टोक जाळाला लागलं. सुनेने पलंगावरून पाहिलं आणि हाक मारली. म्हातारीला कळलं नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा तिने सगळा जीव एकवटून किंकाळी फोडायचा प्रयत्न केला, आणि ती उठून धावली. "तुम्ही ओरडू नका म्हणाला होतात. ही माझ्यासाठी ओरडली. माझ्या बहिऱ्या कानांनी हिचा गळा खाल्ला असंच धरून चालले मी. रोज. म्हटलं, आपण इथे राहिलो की ही पुन्हा पुन्हा घसा ताणणार. म्हणून मुलीकडे निघाले होते." तिने सुटकेसकडे हात केला. "बुधवारी न्यायला येणार आहे ती."

"मी विचारलं होतं तुम्हाला," बाई कुजबुजली. रागाने तिचा श्वासच आवाजापेक्षा मोठा झाला होता. "चौथ्या महिन्यात. ओरडल्यामुळे झालं का, म्हणून. तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, सांगता येत नाही. तीन महिने! मी स्वतःला खात होते, या स्वतःला खात होत्या. आणि तुम्ही बघत होतात."

"हो," डॉक्टर म्हणाले.

"ऑपरेशनमधलं एक वेळ समजू शकते मी. हे नाही समजू शकत."

त्यांनी मान खाली घातली. क्षमा मागावी असं येताना ठरवलं होतं. पण मागितली तर द्यायचं ओझं पुन्हा या दोघींवरच पडेल, हे त्यांना त्या खोलीत उभं राहून कळलं. त्यांनी एवढंच सांगितलं की उद्या ते हॉस्पिटलात हे लेखी देतील, पुढे जी चौकशी होईल तिच्यात स्वतःची बाजू धरणार नाहीत, आणि आवाजाच्या दुसऱ्या ऑपरेशनची व्यवस्था हॉस्पिटलने करावी म्हणून मागे लागतील.

"करा," बाई म्हणाली. "आता जा तुम्ही."

ते दाराबाहेर पडले. शेजारीण ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी होती. तिने त्यांना वाट करून दिली, पण डोळे काही बाजूला केले नाहीत. मागे घरात म्हातारीने सुटकेसचे पट्टे सोडल्याचा आवाज झाला.

सोमवारी डॉक्टरांनी नोंदीतल्या पाचव्या ओळीपुढे दुरुस्ती लिहिली. ओळ पुसली नाही. "हे केलं गेलं नाही. भूलतज्ज्ञांनी विचारलं होतं. मी नकार दिला." तारीख, वेळ, सही. मग ते वरिष्ठांच्या खोलीत गेले. वरिष्ठ म्हणाले, "अहो, गुंतागुंत होतेच. स्वतःहून विस्तवावर पाय कशाला देताय?" डॉक्टर म्हणाले, "पाय केव्हाच दिलाय, आता भाजतंय तेवढं सांगतोय." विनोद करायचा त्यांचा हेतू नव्हता आणि वरिष्ठही हसले नाहीत.

चौकशी चार महिने चालली. निद्रादेवींनी जे घडलं ते सांगितलं, आपल्या हसण्यासकट. हॉस्पिटलने चूक मान्य करून बाईला भरपाई दिली. डॉक्टरांना वर्षभर मानेचं एकही ऑपरेशन एकट्याने करायला मनाई झाली. समोरच्या खोलीतले मागून जाणारे सर्जन त्यांच्यासोबत उभे राहायचे. त्या वर्षात डॉक्टर त्यांच्याकडून मागची वाट पुन्हा शिकले, आणि पेशंटला दोन्ही वाटा सांगताना "मी पुढून जातो" असं म्हणायचं त्यांनी सोडलं. आता ते आधी विचारायचे, तुम्ही काय काम करता, आणि उत्तर संपेपर्यंत थांबायचे. थिएटरमध्ये निद्रादेवींनी हात वर केला की सगळ्यांचे हात थांबत. गोष्ट सांगायला त्यांना कुणी बंदी केली नव्हती. पण ती पुन्हा कधी जिभेवर आली नाही.

बाईचं दुसरं ऑपरेशन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी केलं. अशा ऑपरेशनला पेशंटला जागं ठेवतात. बाहेरून एक छोटासा तुकडा आत बसवत स्वरपट्टी सरकवायची आणि पेशंटला बोलायला लावायचं, आवाज लागेपर्यंत. डॉक्टर तिथे गेले नाहीत. त्यांनी जाणं बरं दिसलं नसतं. संध्याकाळी फोनवर कळलं, आवाज लागला. जाड आहे, घोगरा आहे, लांब जात नाही. डेपोत माइकवर नवीन मुलगी बसते. बाईंना हरवलेल्या वस्तूंच्या खोलीचं काम दिलंय. मानेच्या तपासण्यांसाठी ती समोरच्या सर्जनकडे जायला लागली होती. हाड छान जुळल्याचा फोटो त्यांनीच डॉक्टरांना दाखवला.

दीड वर्षाने एका सकाळी डॉक्टरांच्या ओपीडीत सासू येऊन उभी राहिली. एकटीच, कमरेवर हात.

"पाठ धरलीय," ती म्हणाली. "सून म्हणाली, त्या समोरच्या डॉक्टरांकडे जाऊ. मी म्हटलं, नाही. ज्यानं एकदा ओरडून खरं सांगितलं तो दुसऱ्यांदा कमी फसवेल. पण कापू द्यायची नाही मी, आत्ताच सांगते."

डॉक्टरांनी तिला तपासलं. झिजलेली कंबर, आखडलेले स्नायू, वयाचा भाग. "कापायचं काहीच नाही, आजी!" ते ओरडून म्हणाले. "व्यायाम करायचा!" त्यांनी कागदावर चार आकृत्या काढल्या, प्रत्येकीखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि तिला हात देऊन दारापर्यंत आणलं.

बाहेर बाकावर सून बसली होती. ती उठली. डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे न बघता तिने त्यांच्या हातातला कागद घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग वर पाहिलं.

"दिवसातून किती वेळा?" तिने विचारलं. खोल, खरखरीत आवाज होता, त्यांनी पूर्वी कधी न ऐकलेला.

"दोनदा. सकाळी आणि संध्याकाळी."

"दुखलं तर?"

"थांबायचं. दोन दिवसांनी पुन्हा सुरू करायचं. तरी दुखलं तर मला कळवा."

तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. "कळवू," ती म्हणाली, आणि सासूचा दंड धरून जिन्याकडे वळली. डॉक्टर दारात उभे राहून बघत होते. दोन पायऱ्या उतरल्यावर सासू थांबली, सुनेने तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं, आणि म्हातारीने मान हलवली. पुढच्या पेशंटने फाइल पुढे केली. डॉक्टर आत गेले.